बस्तरएवढा देश, चार वेळा जगज्जेता

११ ऑगस्ट २०२४. पॅरिस ऑलिंपिकचा शेवटचा दिवस. फ्रान्सच्या उत्तरेकडच्या लील शहरात एका मोठ्या फुटबॉल स्टेडियममध्ये लाकडी तक्तपोशी टाकून हँडबॉलचे मैदान तयार केले होते. पुरुषांचा अंतिम सामना डेन्मार्क विरुद्ध जर्मनी. मध्यंतरालाच डेन्मार्क २१–१२ असा पुढे होता आणि शेवटची शिट्टी वाजली तेव्हा फलकावर ३९–२६ हे आकडे होते. तेरा गोलांचा फरक! ऑलिंपिकच्या इतिहासात पुरुष हँडबॉलचा अंतिम सामना इतका एकतर्फी कधीच झाला नव्हता.

आपल्याकडे त्या दिवशी सगळ्यांचे लक्ष विनेश फोगाटच्या अपिलाच्या निकालाकडे लागले होते, आणि ते साहजिकच होते. डेन्मार्कच्या सुवर्णपदकाची बातमी आली असलीच तर एखाद्या कोपऱ्यात, दोन ओळींत. पण रायपूरमध्ये, आणि त्याहूनही जास्त शेजारच्या भिलाईमध्ये, अशी घरे आहेत जिथल्या मुलामुलींना या दोन ओळी पुरत नाहीत. शाळेच्या मैदानावर संध्याकाळी हँडबॉल खेळून गुडघे खरचटून घरी येणाऱ्या या मुलांना गिडसेल आणि हान्सन ही नावे ठाऊक असतात. आईवडिलांना मात्र प्रश्न पडतो, की हा खेळ आहे तरी कुठला, आणि यात पुढे काय?

या प्रश्नाचे उत्तर शोधायला डेन्मार्कसारखी दुसरी जागा नाही.

देश केवढा? क्षेत्रफळ सुमारे ४३ हजार चौरस किलोमीटर. छत्तीसगडच्या वाचकांना लगेच कळेल असे सांगायचे तर, जुन्या अविभाजित बस्तर जिल्ह्याहून जेमतेम थोडा मोठा. लोकसंख्या साठ लाखांच्या आसपास, म्हणजे मुंबईच्या निम्मीसुद्धा नाही. थंडी, वारा, पाऊस, आणि हिवाळ्यात दुपारी चार वाजताच अंधार. अशा देशात मुलांनी खेळायचे ते बंद सभागृहातच. हँडबॉल तिथे घरोघरी पोचला त्याचे अर्धे कारण हे हवामान आहे. उरलेल्या अर्ध्या कारणात एक शाळामास्तर येतो.

खिडक्यांच्या काचा आणि एक मास्तर

कोपनहेगनजवळ ऑर्ड्रुप नावाच्या गावातील शाळेत होल्गर निल्सन हे व्यायामशिक्षक होते. शाळेच्या आवारात मुले फुटबॉल खेळत आणि खिडक्यांच्या काचा फुटत, म्हणून चेंडू पायाने मारायला बंदी झाली आणि मुले तो हाताने फेकू लागली, अशी आख्यायिका आहे. आपल्याकडच्या कोणत्याही वाड्यात किंवा कॉलनीत वाढलेल्या माणसाला ही गोष्ट खरी वाटावी अशीच आहे. ती शब्दशः खरी असो वा नसो, १८९८ च्या सुमारास निल्सन यांनी या खेळाला शिस्त लावायला सुरुवात केली आणि १९०६ मध्ये त्याचे नियम छापून प्रसिद्ध केले, हे मात्र पक्के आहे.

हे निल्सन म्हणजे साधे गृहस्थ नव्हेत. १८९६ साली अथेन्समध्ये पहिले आधुनिक ऑलिंपिक भरले, त्यात त्यांनी नेमबाजी आणि तलवारबाजी अशा दोन्ही खेळांत पदके मिळवली होती. पुढे १९३२ मध्ये, वयाच्या पासष्टीनंतर, त्यांनी बुडालेल्या माणसाला कृत्रिम श्वासोच्छ्वास देण्याची एक पद्धत बसवली. रुग्णाला पालथे झोपवायचे, पाठीवर दाब द्यायचा, मग दंड धरून हात वर उचलायचे. आपल्याकडच्या प्रथमोपचाराच्या जुन्या पुस्तकांतही ही 'होल्गर निल्सन पद्धत' चित्रांसह दिलेली असे. आजच्या आजीआजोबांपैकी कुणी शाळेत स्काउटमध्ये असेल तर त्यांना ती करून दाखवताही येईल. (आता ती कुणी वापरू नये. छाती दाबण्याची आणि तोंडाने श्वास देण्याची पद्धत अधिक परिणामकारक ठरल्यामुळे ती केव्हाच मागे पडली.) तेच हे निल्सन.

बर्लिनमध्ये अमरावती आणि हँडबॉल

निल्सनचा खेळ लहान मैदानाचा होता. जर्मनीत मात्र पहिल्या महायुद्धाच्या सुमारास याच कल्पनेचा एक वेगळा अवतार निघाला. फुटबॉलच्या भल्याथोरल्या मैदानावर, अकरा-अकरा खेळाडूंचा. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये हाच मैदानी हँडबॉल प्रथम खेळला गेला. सहा देश उतरले: जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, हंगेरी, रुमानिया आणि अमेरिका. अंतिम सामन्यात भर पावसात सुमारे एक लाख प्रेक्षकांसमोर जर्मनीने ऑस्ट्रियाला १०–६ असे हरवले. डेन्मार्क त्यात नव्हताच.

आता गंमत पाहा. त्याच ऑलिंपिकच्या वेळी त्याच बर्लिनमध्ये आपल्या वऱ्हाडातली मंडळीही हजर होती! अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तिथे कबड्डीसारखे देशी खेळ आणि व्यायामप्रकार परदेशी पाहुण्यांना करून दाखवले. वैद्य बंधूंनी १९१४ साली सुरू केलेले हे मंडळ. त्या काळी अमरावती आणि रायपूर ही दोन्ही गावे एकाच प्रांतात होती, मध्य प्रांत व वऱ्हाड. रायपूरच्या महाराष्ट्र मंडळाची स्थापना १९३५ ची, म्हणजे बर्लिनच्या आदल्याच वर्षीची. तात्यापाऱ्यातल्या मराठी घरांत तेव्हा अमरावतीच्या पथकाचे कौतुक झाले असेल, असे मानायला हरकत नाही.

कबड्डी आणि हँडबॉल एकाच वेळी एकाच शहरात. एक खेळ दाखवायला आलेला, दुसरा पदकासाठी. पुढे मैदानी हँडबॉल मागे पडला, त्याची शेवटची विश्वस्पर्धा १९६६ मध्ये झाली. तगला तो डेन्मार्क-स्वीडनकडचा सभागृहातला खेळ. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकपासून हाच सात जणांचा हँडबॉल ऑलिंपिकमध्ये आला. त्याच वर्षी भारतात हँडबॉल महासंघ उभा राहिला आणि हरियाणात रोहतकला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली.

आता थोडे नियम. ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी. मैदान ४० मीटर लांब, २० मीटर रुंद. प्रत्येक बाजूला सात खेळाडू, कबड्डीसारखेच. त्यात एक गोलरक्षक. तीस-तीस मिनिटांचे दोन डाव. गोलाची चौकट तीन मीटर रुंद आणि दोन मीटर उंच. तिच्यापुढे सहा मीटरवर एक अर्धगोलाकार रेषा असते आणि तिच्या आत गोलरक्षकाशिवाय कुणाला पाय ठेवता येत नाही. पण हवेत उडी मारून, जमिनीला पाय लागण्याआधी चेंडू फेकला तर चालते! म्हणून तर हे खेळाडू सूर मारल्यासारखे झेपावताना दिसतात. चेंडू हातात धरून तीनच पावले टाकता येतात आणि तीनच सेकंद तो जवळ ठेवता येतो. आडदांडपणा केला की दोन मिनिटे बाहेर, आणि तेवढा वेळ संघ सहाच जणांवर. एका सामन्यात दोन्ही बाजूंचे मिळून पन्नास-साठ गोल सहज होतात. फुटबॉलमध्ये नव्वद मिनिटांत एक गोल पाहून कंटाळणाऱ्यांनी हा खेळ जरूर पाहावा.

घरात मुली पुढे, मुलगे मागे

१९३८ मध्ये जर्मनीत सभागृहातील हँडबॉलची पहिली विश्वस्पर्धा झाली. चारच संघ, आणि खेळाच्या माहेरघरातून आलेला डेन्मार्क त्यात चौथा, म्हणजे शेवटचा! १९६७ मध्ये ते प्रथमच अंतिम फेरीत पोचले, तिथे चेकोस्लोव्हाकियाने त्यांना १४–११ असे हरवले. मग रुमानियाचे, सोव्हिएत रशियाचे, युगोस्लाव्हियाचे दिवस आले. रुमानियाने १९६१ ते १९७४ या काळात चार वेळा विश्वविजेतेपद मिळवले. डेन्मार्कच्या पुरुषांनी १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक मिळवला, तोच मोठा पराक्रम. त्या संघात फ्लेमिंग हान्सन नावाचे एक खेळाडू होते. हे नाव लक्षात ठेवा.

नव्वदचे दशक आले आणि डेन्मार्कमध्ये हँडबॉलची लाट उसळली. मात्र ती पुरुषांमुळे नव्हे, बायकांमुळे. डॅनिश महिला संघाने १९९६ मध्ये अटलांटाला ऑलिंपिक सुवर्ण जिंकले, १९९७ मध्ये विश्वविजेतेपद, आणि मग २००० मध्ये सिडनीला आणि २००४ मध्ये अथेन्सलाही सुवर्ण. सलग तीन ऑलिंपिक! देशाने त्यांना 'लोखंडी स्त्रिया' असे नाव दिले. त्यांचे सामने लागले की रस्ते ओस पडत. पुरुष संघाला कित्येक मोठ्या स्पर्धांचे दारही उघडत नसे.

आपल्याकडे नेहमी उलटे असते. मुलगा खेळतो, बहीण त्याची बॅट उचलून देते. डेन्मार्कमध्ये एक अख्खी पिढी अशी वाढली की भावाने बहिणीचा सामना टीव्हीवर पाहावा आणि तिच्यासारखे खेळायला शिकावे. या गोष्टीचा पुढच्या यशाशी किती संबंध आहे हे मोजता येणार नाही, पण एक धागा मात्र सरळ दिसतो. महिला संघाला १९९६ आणि १९९७ ची अजिंक्यपदे मिळवून देणारे प्रशिक्षक उलरिक विल्बेक २००५ मध्ये पुरुष संघाकडे आले.

त्याआधीच पुरुष संघ सावरू लागला होता. युरोपच्या स्पर्धेत २००२, २००४ आणि २००६ असे तीन वेळा कांस्य मिळाले. विल्बेकच्या हाताखाली २००७ मध्ये विश्वस्पर्धेचे कांस्य, आणि २००८ मध्ये नॉर्वेतील लिलेहामरला क्रोएशियाला २४–२० असे हरवून प्रथमच युरोपचे विजेतेपद. २०१२ मध्ये बेलग्रेडला सर्बियाला त्यांच्याच घरी २१–१९ असे हरवून दुसरे.

पण जगज्जेतेपद काही हाताला लागेना. २०११ मध्ये स्वीडनमधील माल्मो इथे फ्रान्सविरुद्धची अंतिम लढत जादा वेळेत गेली आणि ३७–३५ अशी निसटली. २०१३ मध्ये बार्सिलोनात जे झाले ते मात्र निसटणे नव्हते. स्पेनने डेन्मार्कला ३५–१९ असे धुऊन काढले. जागतिक अंतिम सामन्यात सोळा गोलांनी हार! पुढच्याच वर्षी हेर्निंगला, आपल्याच प्रेक्षकांसमोर, युरोपच्या अंतिम सामन्यात फ्रान्सने त्यांना ४१–३२ असे हरवले. चार वर्षांत तीन अंतिम सामने गमावले, आणि तेही उत्तरोत्तर मोठ्या लाजेने. आपल्याकडे असे झाले असते तर संघाचे पुतळे जाळले गेले असते.

रिओ आणि नंतरची घसरण

विल्बेकनंतर आइसलँडचे गुडमुंडुर गुडमुंडसन प्रशिक्षक झाले. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये सुरुवात वाईट झाली. साखळीत क्रोएशियाकडून हार, फ्रान्सकडून हार. स्पर्धा चालू असतानाच प्रशिक्षक बदलावा की काय अशी कुजबूज वरच्या वर्तुळात झाली होती, हे नंतर डॅनिश वृत्तपत्रांत गाजले. गुडमुंडसन टिकले. उपांत्य सामन्यात पोलंडला जादा वेळेत एका गोलाने, २९–२८ असे हरवले. अंतिम सामन्यात समोर फ्रान्स, २००८ आणि २०१२ चे सुवर्णविजेते, डेन्मार्कला वारंवार रडवणारे. २१ ऑगस्टला डेन्मार्कने तो सामना २८–२६ असा जिंकला.

त्या सामन्यात डोक्याला पट्टा बांधलेला, लांब केसांचा एक खेळाडू डावीकडून उसळत होता. मिकेल हान्सन. १९८४ मध्ये चौथ्या आलेल्या त्या फ्लेमिंग हान्सन यांचा मुलगा. बापाचे पदक एका पायरीने हुकले होते. बत्तीस वर्षांनी पोराने सोने आणले. डेन्मार्कमध्ये या गोष्टीवर किती लिहिले गेले असेल याची कल्पना वाचकांनीच करावी.

आणि लगेच पुढे, जानेवारी २०१७ मध्ये, ऑलिंपिक विजेते म्हणून मिरवत हा संघ विश्वस्पर्धेत गेला तो बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यात हंगेरीकडून २५–२७ असा हरून घरी परतला. गुडमुंडसन गेले, निकोलाय याकोबसेन आले. ते स्वतः डेन्मार्ककडून खेळलेले.

हंगेरीविरुद्धची ही हार लिहून ठेवण्यासारखी आहे, कारण त्यानंतर २०१९, २०२१, २०२३ आणि २०२५ या चार विश्वस्पर्धांत डेन्मार्क एकही सामना हरला नाही.

चार स्पर्धा, सदतीस सामने, हार शून्य. एक बरोबरी तेवढी झाली, २०२३ मध्ये क्रोएशियाशी ३२–३२. पुरुष हँडबॉलमध्ये सलग तीन विश्वविजेतेपदेही आधी कुणाला जमली नव्हती, इथे चार झाली. २०१९ मध्ये हेर्निंगला नॉर्वेविरुद्ध ३१–२२. हेच ते हेर्निंग, जिथे पाच वर्षांपूर्वी फ्रान्सने नाक कापले होते. २०२१ मध्ये कैरोत स्वीडनविरुद्ध २६–२४. २०२३ मध्ये स्टॉकहोमला फ्रान्सविरुद्ध ३४–२९. २०२५ मध्ये ऑस्लोला क्रोएशियाविरुद्ध ३२–२६.

यांतला खरा थरार अंतिम सामन्यांत नव्हता. तो होता २०२१ मध्ये कैरोत, यजमान इजिप्तविरुद्धच्या उपउपांत्य सामन्यात. कोरोनाचे दिवस, प्रेक्षागार रिकामे. साठ मिनिटांत निकाल नाही, जादा वेळेत नाही, दुसऱ्या जादा वेळेतही नाही, ३५–३५. शेवटी सात मीटरवरून फेकींचा फैसला, आणि डेन्मार्क एका गोलाने तरला. सदतीसांतला तो एक सामना तिकडे झुकला असता तर आजचा हा सगळा लेख वेगळाच लिहावा लागला असता.

मात्र हा संघ अजिंक्य आहे असे समजू नये. २०२० च्या युरोप स्पर्धेत, विश्वविजेता आणि ऑलिंपिक विजेता असे दोन्ही मुकुट डोक्यावर असताना, तो पहिल्याच फेरीत बाद झाला. आइसलँडने एका गोलाने हरवले. टोकियोच्या ऑलिंपिक अंतिम सामन्यात २०२१ मध्ये फ्रान्सने २५–२३ असे रोखले. २०२४ च्या जानेवारीत कोलोनला युरोपच्या अंतिम सामन्यात पुन्हा फ्रान्सच, जादा वेळेत ३३–३१. जगज्जेतेपदांची माळ गळ्यात असताना २०१२ पासून २०२४ पर्यंत युरोपचे विजेतेपद एकदाही नाही! जाणकार सांगतात की युरोपची स्पर्धा विश्वस्पर्धेहून कठीण, कारण तिथे सोपा सामनाच नसतो. हँडबॉलची खरी ताकद अजून एकाच खंडात एकवटलेली आहे.

हान्सनची सुटी

खेळाडूंच्या गोष्टी सांगायच्या तर गोलरक्षक निकलास लांडिन यांचे नाव आधी घ्यावे लागेल. ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास वेगाने, सहा-सात मीटरवरून येणारा चेंडू हातापायांनी अडवणे हे काम. दोन वेळा ते जगातील सर्वोत्तम खेळाडू ठरले. त्यांचा धाकटा भाऊ माग्नुस याच संघात बाजूला खेळतो. मथियास गिडसेल हा १९९९ चा जन्म असलेला, सडपातळ बांध्याचा खेळाडू. पॅरिस ऑलिंपिकमध्ये ६२ गोल करून तो स्पर्धेतला सर्वाधिक गोल करणारा आणि सर्वोत्तम खेळाडूही ठरला. २०२५ च्या विश्वस्पर्धेतही तेच, ७४ गोलांनिशी. दोन धिप्पाड बचावपटूंच्या मधून तो असा निसटतो, की कबड्डीतला चांगला चढाईपटू आठवावा.

पण आपल्या घरातल्या मुलामुलींच्या दृष्टीने जास्त विचार करायला लावणारी गोष्ट मिकेल हान्सनची आहे. २०११, २०१५ आणि २०१८ असा तीन वेळा तो जगातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. २०१९ च्या विश्वस्पर्धेत त्याने ७२ गोल केले. पॅरिसच्या क्लबकडून तो दहा वर्षे खेळला. २०२२ मध्ये त्याच्या शरीरात रक्ताची गुठळी सापडली आणि खेळ थांबवावा लागला. त्यातून तो परतला, २०२३ च्या जानेवारीत तिसऱ्या विश्वविजेतेपदात खेळला. आणि त्यानंतर काहीच आठवड्यांत जाहीर झाले, की हान्सन मानसिक ताणामुळे आजारी रजेवर जात आहे.

कंबर दुखते, गुडघा दुखतो, असे काही कारण पुढे केले असते तरी कुणी शंका घेतली नसती. त्याच्या क्लबने आणि त्याने खरे कारण सांगितले. पस्तिशीचा, दोन मुलांचा बाप, देशातला सगळ्यांत लाडका खेळाडू, त्याने सांगावे की मला आता झेपत नाही. डेन्मार्कमध्ये यावर त्याची टिंगल झाली नाही. त्याला वेळ मिळाला. तो परत आला, पूर्वीइतका वेळ मैदानावर नसला तरी संघात राहिला, आणि लीलमधला तो ३९–२६ चा सामना त्याचा शेवटचा ठरला. लांडिननेही त्याच दिवशी देशाचा संघ सोडला.

दहावी-बारावीच्या वर्षात आपल्या घरांत मुलांना आपण काय बोलतो, आणि एखाद्याने 'झेपत नाही' म्हटले तर काय ऐकवतो, हे या निमित्ताने आठवल्यावाचून राहत नाही. असो.

हे सगळे येते कुठून?

डेन्मार्कमध्ये खेळ शाळेपेक्षा गावातल्या क्लबात चालतो. क्लब म्हणजे काही श्रीमंतांचा अड्डा नव्हे. आपल्या महाराष्ट्र मंडळासारखी, सभासदांच्या वर्गणीवर चालणारी संस्था. संध्याकाळी लहान मुलांना शिकवायला येतो तो कुणाचा तरी बाप, कुणाची तरी आई, बहुतेक विनामोबदला. सभागृह नगरपालिकेचे. कायद्यानेच नगरपालिकांवर अशा संस्थांना जागा उपलब्ध करून देण्याची जबाबदारी टाकली आहे. त्यामुळे अगदी खेड्यातही एक सभागृह असते आणि हिवाळ्यात ते रोज संध्याकाळी भरलेले असते. साठ लाखांच्या देशातून सोळा जगज्जेते निवडायचे तर खालची चाळणी किती रुंद असावी लागते, हे यावरून कळते.

छत्तीसगडकडे सभागृहे अगदीच नाहीत असे नाही. रायपूरच्या बूढापाऱ्यात बलबीरसिंग जुनेजा बंदिस्त स्टेडियम आहे. २०१५ मध्ये याच शहरात हॉकीच्या जागतिक लीगची अंतिम स्पर्धा झाली तेव्हा बेल्जियम, हॉलंड, जर्मनी असे युरोपचे तगडे संघ इथे येऊन खेळले होते, आणि भारताने हॉलंडला हरवून कांस्य मिळवले होते. पण एका स्टेडियमने गल्लीतली मुले खेळत नाहीत. भिलाईत जे हँडबॉल रुजले ते पोलाद कारखान्याच्या वसाहतीमुळे. सेक्टरांतल्या शाळा, त्यांना लागून मैदाने, आणि पाळी संपवून संध्याकाळी मैदानावर येणारी माणसे. सिमेंटवर किंवा मुरमावर खेळायचे, पडले की सोलून निघायचे. डेन्मार्कचे खेळाडू पकड यावी म्हणून चेंडूला डिंकासारखा चिकट पदार्थ लावतात. मुरमाच्या मैदानावर तो लावला तर दोन मिनिटांत चेंडूचा बुंदीचा लाडू होईल.

भारताच्या पुरुष संघाचा हिशेब थोडक्यात सांगून टाकू, कारण त्यात फार काही नाही. १९८२ मध्ये दिल्लीच्या आशियाई खेळांत हँडबॉलचा प्रथमच समावेश झाला आणि यजमान म्हणून आपण खेळलो. चीन, जपान आणि दक्षिण कोरियाने पदके नेली. मोठ्यांच्या विश्वस्पर्धेत भारतीय पुरुष २०२५ पर्यंत एकदाही पोचले नाहीत.

मुलींचे पाऊल पुढे पडले आहे, आणि इथे पुन्हा त्या लोखंडी स्त्रियांची आठवण होते. मार्च २०२२ मध्ये कझाकस्तानातील अलमाटीला भारताच्या ज्युनियर मुलींनी आशियाई विजेतेपद जिंकले आणि त्या वर्षी स्लोव्हेनियात झालेल्या ज्युनियर विश्वस्पर्धेत त्या खेळल्या. भारताचा कोणताही हँडबॉल संघ तोवर तिथे गेला नव्हता. तिथे युरोपच्या मुलींनी आपल्याला मोठ्या फरकाने हरवले, पण तिथवर गेले कोण? देशांतर्गत स्पर्धांत रेल्वेच्या महिला संघाचा वर्षानुवर्षे दबदबा आहे, आणि या खेळातून नोकरी मिळालेल्या मुलींची संख्या लहान असली तरी ती शून्य नाही. २०२३ च्या जूनमध्ये जयपूरला पुरुषांची व्यावसायिक प्रीमियर हँडबॉल लीग प्रथमच भरली, ती महाराष्ट्र आयर्नमेन या संघाने जिंकली.

तेव्हा रायपूरमधल्या आईवडिलांना काय सांगावे? यात क्रिकेटसारखा पैसा नाही, हे आधी स्पष्ट सांगावे. शालेय राष्ट्रीय स्पर्धांच्या यादीत हँडबॉल आहे. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य असे टप्पे आहेत, आणि राष्ट्रीय पातळीवरचे प्रमाणपत्र पुढे महाविद्यालयीन प्रवेशाला व खेळाडूंच्या राखीव जागांच्या नोकरीला उपयोगी पडू शकते. प्रमाणपत्रे आणि वयाचे दाखले पहिल्या दिवसापासून एका फायलीत जपून ठेवावेत; ऐनवेळी एक कागद सापडत नाही म्हणून संधी गेलेली मुले प्रत्येक शहरात भेटतात. दुखापतींत गुडघा, घोटा, खांदा आणि बोटे यांना धोका जास्त. गुडघा वळला आणि सुजला तर तेल चोळून पुन्हा मैदानावर पाठवू नये, अस्थितज्ज्ञाला दाखवावे. मुली वाढीच्या वयात असतील तर उडी मारून नीट उतरायला शिकवणारा प्रशिक्षक आहे का, हे आधी पाहावे. गुडघ्याच्या दुखापती टाळण्यात त्याचा वाटा मोठा असतो.

आणि चेंडू घेताना एवढे पाहावे. दुकानदार बहुधा मोठ्या पुरुषांचा, तीन नंबरचा चेंडू पुढे करतो. त्याचा घेर ५८ ते ६० सेंटिमीटर, वजन सव्वाचारशे ग्रॅमहून जास्त. दहा वर्षांच्या मुलाच्या पंजात तो मावत नाही आणि फेकताना खांद्यावर नाहक ताण येतो. त्या वयाला एक नंबरचा, ५० ते ५२ सेंटिमीटर घेराचा चेंडू हवा. मुलगी मोठी असेल तर दोन नंबरचा.